जो आधी ओ देईल

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा पडले. दुपारी जेवण झाल्यावर खाटेवरून उठताना तोल गेला. उजवं मनगट मोडलं, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. आणि चहाची गाडी येईपर्यंत तसेच फरशीवर पडून — कोणी फिरकलंच नाही!

उशाशी घंटेचं बटण आहे. वायर लांब आहे, खाली पडलेल्या माणसाच्याही हाताला लागते. बाबा म्हणाले, "दाबली की. दाबतच होतो."

दुपारी त्या मजल्यावर एकच मावशी असते. तिच्या चालण्यावरून बाबांनी तिचं नाव तुरुतुरु ठेवलंय. आज कुठे गेली होती ती चाल? जेवून पाय पसरले असणार, दुसरं काय.

प्लास्टर घालून, त्यांना परत वृद्धाश्रमात पोचवून घरी आलो आणि उभ्या उभ्या व्यवस्थापक बाईंना पत्र लिहिलं. मावशीचं नाव घालून. "अशा व्यक्तीच्या हाती म्हाताऱ्या माणसांचा जीव सोपवणं हा गुन्हा आहे" वगैरे. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "लिहिलंत ते बरं झालं. पाठवा उद्या."

आजच पाठवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाईंचा फोन. चौकशी पुरी होईपर्यंत मावशीला घरी बसवलंय. हे एक काम तरी लगेच झालं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसातून लवकर निघून बाबांकडे. चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी खाटेवरून उतरायला बंदी केली आहे. डाव्या हाताने चमचा धरतात, अर्धं सूप सदऱ्यावर. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण औषधाच्या खोक्यावरच्या छपाईतल्या दोन चुका मला दाखवल्या. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, आता खोकी तपासतात. निवृत्ती कसली ती.

पाच मिनिटांत तीनदा विचारलं, "तुरुतुरु कुठाय?"

शेवटी सांगितलं. तुम्ही घंटा दाबलीत, ती आली नाही, म्हणून तिला घरी पाठवलंय.

"ती येते. घंटा वाजली की येतेच."

"मग परवा का नाही आली?"

खिडकीकडे बघत बसले. मग म्हणाले, "वाजली नसेल."

घ्या! पडलेल्या माणसानेच वकीलपत्र घेतलंय. खाली चहा देणारी म्हणाली, मावशीही हेच सांगतेय — घंटा वाजलीच नाही. अगदी शब्दाला शब्द. नाचता येईना, अंगण वाकडं. पण घंटेची नोंद कुठेतरी होतच असणार. ती नोंद काढून बाईंच्या टेबलावर ठेवतो, म्हणजे सगळेच गप्प.

मध्ये ऑफिसचा निरोप आला म्हणून फाटकापर्यंत जावं लागलं. इमारतीत फोनला एक काडी येत नाही, फाटकाशी दोन येतात. परत वर आलो तर बाबांचा डोळा लागला होता. मग निघालोच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मी नोंद मागायला गेलो आणि तोंडावर पडलो.

बाईंच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. कोणत्या खोलीची घंटा किती वाजता वाजली, सगळं त्यात उमटतं. मंगळवारची दुपार काढली. बाबांच्या खोलीपुढे काहीही नाही. कोरं.

बाई हळू आवाजात, समजूत घालावी तशा म्हणाल्या, "म्हणजे वडिलांनी दाबलीच नसेल हो. वयोमानाने होतं असं. दाबली असं वाटतं."

मला असा राग आला! काल मावशी खोटी, आज बाबा भ्रमिष्ट. फक्त यांची घंटा तेवढी सत्यवचनी. म्हटलं, चला वर, माझ्यासमोर दाबा.

गेलो. बाबांनी स्वतः डाव्या हाताने दाबली, मोठ्या ऐटीत, परीक्षा देत असल्यासारखी. मजल्यावरच्या टेबलापाशी काही नाही. दिवा नाही, आवाज नाही. शेजारच्या खोलीत जाऊन तिथली दाबली — ठणाणा. दोन्ही बटणं एकाच कंपनीची, एकाच दिवशी बसवलेली.

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. यंत्रणा बसवून देणारा माणूस म्हणे कित्येक महिने फोन उचलत नाही. मी म्हटलं, "मी बघतो. माझं पोटापाण्याचं काम हेच आहे." राउटर, स्विच, वायरी, दिवसभर हेच करतो. इथे मात्र नुसता भेटायला येणारा मुलगा होतो, कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

बाबा म्हणाले, "बघ. म्हटलं नव्हतं?" मग लगेच, "काय म्हटलं होतं मी?"

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून लॅपटॉप घेऊन आश्रमात. दुपारी सापडलं. दोष सापडला, चोर नाही. नीट लिहून ठेवतो, डोकं भणभणलंय.

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. घंटेलाही. घंटा चालू झाली की आधी हाक मारते, मला कोणी पत्ता देता का? खाली मुख्य राउटर आहे, तो ओ देतो. पत्ता देतो, आणि निरोप कुठल्या दाराने बाहेर पाठवायचा तेही सांगतो. हा पत्ता कायमचा नसतो, मुदतीचा असतो. मुदत संपली किंवा वीज जाऊन आली की पुन्हा हाक, पुन्हा ओ. रोजचा संसार आहे हा, कोणाला कळतही नाही.

पण घंटा भोळी. ओ देणारा घरचा की उपटसुंभ, हे ती विचारत नाही. जो आधी ओ देईल त्याचा पत्ता.

इथले सगळे पत्ते दहाच्या आकड्याने सुरू होतात. बाबांच्या घंटेचा पत्ता काढला तर एकशे ब्याण्णवने! त्या मजल्यावर अशा आणखी पाच निघाल्या. कोणीतरी दुसरंच यंत्र याच वायरींवर बसून पत्ते वाटतंय. आणि बाहेरचं दार म्हणून स्वतःचंच नाव सांगतंय, ज्याच्या पलीकडे रस्ताच नाही.

म्हणजे मंगळवारी बाबा बटण दाबत होते. घंटा इमानाने निरोप पाठवत होती. तो जात होता भलत्याच दाराशी, आणि तिथेच मरत होता. कॉम्प्युटरला काही पोचलंच नाही, मावशीला काही ऐकूच आलं नाही.

बाबा खरं बोलत होते. मावशी खरं बोलत होत्या. नोंदसुद्धा खरीच होती. खोटं एकच होतं, माझं पत्र. त्यात मी "पाय पसरून झोपली असणार" असंही लिहिलंय. तेव्हा ते वाक्य मला फार आवडलं होतं.

बाईंना तिथेच म्हटलं, मावशींना बोलवून घ्या. त्या म्हणाल्या, "ते यंत्र आधी सापडू दे. नुसत्या आकड्यांवर मी कमिटीला काय सांगू?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

अर्धी रजा टाकली.

त्या उपटसुंभाचा तोरा असा की तो वायरीवर पत्ते वाटतो तसा हवेतही स्वतःचं नाव फेकतो. फोनमध्ये दिसत होतं, कारखान्यातून येतं तसलं, अक्षरं-आकड्यांचं कडबोळं. पट्ट्या बघत बघत निघालो. वरच्या मजल्यावर एक पट्टी. जिन्यात दोन. स्वयंपाकघराकडे पुन्हा एक. धुण्याची खोली, औषधांची खोली, गच्चीचा जिना — म्हातारी मंडळी दारादारातून बघत होती. एका आजींनी विचारलं, "काय हरवलं हो?" म्हटलं, सापडलं की सांगतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. भेटीच्या खोलीत सापडला! आल्यागेल्याला बसायला ठेवलेल्या कोपऱ्यातल्या मोठ्या खुर्चीमागे. दर रविवारी मी त्याच खुर्चीत बसतो. खाली भिंतीत एक सॉकेट आहे, कधीच न वापरलेलं. त्यात वायर, आणि वायरीच्या टोकाला पांढरा डबा, दोन शिंगांचा. इंटरनेट कंपन्या घरोघर देतात तसला, हजारोंनी. पुढे एक लाल दिवा मिणमिणत होता.

लावणाऱ्याने वायर चुकीच्या भोकात खुपसली होती. निळं भोक बाहेरून येणाऱ्या नेटचं. चार पिवळी आतल्यांची. निळ्यात घातली असती तर बिचारा डबा गप आपल्या खोलीपुरता राहिला असता. पिवळ्यात घातल्यामुळे तो सगळ्या इमारतीचा यजमान होऊन बसला. आणि गंमत म्हणजे इतकं करून त्याला स्वतःला नेट मिळत नव्हतंच. लाल दिवा त्याचाच.

वायर उपटली, घंटा एकेक करून बंद-चालू केल्या. सगळ्या दहाच्या घरात आल्या. बाबांना म्हटलं, दाबा. वाजली! बाबा पुन्हा दाबायला लागले. चहावाली धावत आली, मग नवी मावशी, मग स्वतः बाई. त्यांना पुरे म्हणेपर्यंत दाबत होते.

"तुरुतुरु नाही आली," म्हणाले.

येतील, म्हटलं. दोन दिवसांत येतील. डब्याचं काही सांगितलं नाही, डोक्याला ताप नको. घंटा बिघडली होती, एवढंच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मावशींच्या घरी गेलो. पेढे घेऊन जावं तशा थाटात. आनंदाची बातमी ना!

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. मावशी सासूबाईंच्या पायांना तेल लावत होत्या. मला बघून हात पुसले, उठल्या नाहीत. ओळखत होत्या अर्थातच. पहिला प्रश्न, "मनगट कसंय?"

सांगितलं. मग सगळं सांगितलं — तुमचं बरोबर होतं, घंटा वाजलीच नव्हती, माझी चूक झाली. असं सरळ म्हणालो. सरळ म्हणायला अर्धा कप चहा लागला.

त्या म्हणाल्या, "तुमचं पत्र बाईंनी सगळ्यांसमोर वाचलं. पाय पसरून झोपते म्हणे मी."

मान खाली घालून बसलो. सासूबाईंना ऐकू कमी येतं, त्या माझ्याकडे बघून छान हसत होत्या.

"पण घंटा गेली कशाने?"

डब्याचं सांगितलं. भेटीची खोली, खुर्चीमागे, पांढरा डबा. सासूबाईंच्या पायांवर पुन्हा फिरायला लागलेला त्यांचा हात थांबला. "त्या डब्याने घंटा गेली?" हो म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा, "त्या डब्यानेच?"

"त्यानेच. कोणी लावला देव जाणे."

"फेकलात का तो?"

"नाही. आहे माझ्या पिशवीत."

"फेकू नका," म्हणाल्या. आणि मला दारापर्यंत सोडायलाही आल्या नाहीत. मी मनाशी म्हटलं, एवढी सुटका झाली, हसायचं तरी! पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलो नसतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आगीतून फुफाट्यात.

बाईंनी सगळ्या नोकरवर्गाला बोलावलं. मलाही, यंत्राचा जाणकार म्हणून. डबा टेबलावर ठेवला. हा कोणी लावला? कोणी बोलेना. बाई म्हणाल्या, यामुळे सहा खोल्यांच्या घंटा मुक्या झाल्या, एक माणूस जायबंदी झाला, ज्याने लावला त्याला इथे जागा नाही.

मावशी मागे उभ्या होत्या, त्यांनाही बोलावलं होतं. पुढे आल्या.

"वायर मी खुपसली."

"का?"

"लावली. पुढचं विचारू नका."

"स्वतःच्या फोनला फुकट नेट पाहिजे म्हणून ना?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं — बघा, तुमचं पत्र शेवटी बरोबरच निघालं की!

मी काय केलं? काही नाही. टेबलावरून डबा उचलून पिशवीत घातला आणि घरी आलो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

संतापलोय. मी त्यांच्या दारात जाऊन माफी मागतो, आणि त्या समोर बसून, पोटात एक ओठावर एक! फेकू नका म्हणे. का फेकू नका ते आता कळलं. स्वतःचा होता म्हणून!

मग असंही वाटतं, कबूल तर स्वतःहून केलं. कोणी नाव घेतलं नव्हतं. गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कधीच कळलं नसतं, त्या कामावर परत आल्या असत्या.

हे दुसरं वाटणं पहिल्याला सुखाने रागावू देत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाबांकडे. आज तीन वाक्यं सलग बोलले, तिन्ही तुरुतुरुबद्दल. नवी मावशी उशी उंच ठेवते, तुरुतुरु बेताची ठेवायची. नवी दार लावून घेते. तुरुतुरु कधी येणार. मी म्हटलं, येईल. खोटं बोलताना हल्ली मला फाटकाशी जाऊन फोन बघावासा वाटतो.

निघताना बाईंनी गाठलं. "आता तुम्ही आहातच, तर भेटीच्या खोलीत पाहुण्यांसाठी नेट नीट लावून द्या ना. लोक फार तक्रार करतात." आहातच तर! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आणि नवीन यंत्र घ्यायचं नाही, हाच डबा "तुम्हीच बसवा सुधारून".

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "मावशींचा फोन कुठला आहे?"

"म्हणजे?"

"नेट चालणारा आहे का?"

डोळ्यासमोर आलं. मंगळवारी त्यांच्या खिडकीत चार्जिंगला लावलेला होता. बटणांचा. छोटा, काळा, पाठीला रबर लावलेला. त्यात नेट कसलं येतंय!

वीस वर्षं नेटवर्कमध्ये काढली आणि हा प्रश्न भाजी निवडणाऱ्या बाईने विचारायचा. तीसुद्धा माझीच.

लगेच मावशींना फोन लावला. म्हटलं, वायर तुम्ही लावलीत, पण डबा तुमचा नाही. कोणासाठी लावलीत?

बराच वेळ नुसता सायकलच्या दुकानातला हातोडा ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "दादा, शब्द दिलाय मी."

"नोकरी जाईल तुमची."

"नाव घेतलं तर त्यांना काढतील. त्यांनी कुठे जायचं? मी दुसरीकडे करीन काम. मला हात आहेत."

म्हणजे राहणाऱ्यांपैकीच कोणीतरी! कोणत्यातरी म्हाताऱ्याने हौस केली, आणि भरताहेत मावशी. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे संन्यासीच फास धरून उभा आहे. माझा सगळा राग विरला. आता नुसती लाज आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाईंना भेटलो. फोनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग कोणासाठी लावली ते त्यांनी सांगावं. नाही सांगत, तर जबाबदारी त्यांची. कमिटी नाव मागते." बाई वाईट नाहीत. त्यांच्या डोक्यावरही कोणीतरी बसलंय. पण महिनाअखेर निर्णय.

येता-जाता एकेका म्हाताऱ्याचा चेहरा बघत होतो. शेजारच्या खोलीतले आजोबा? गच्चीच्या बाजूच्या आजी, ज्यांचा नातू सारखा गेम खेळतो? प्रत्येकजण गुन्हेगार दिसायला लागला. त्या नातवाच्या आजीला आडून आडून विचारलं. ती म्हणाली, "डबा? लोणच्याचा?"

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसनंतर डबा घेऊन भेटीच्या खोलीत बसलो. आधी त्याच्या पोटातलं जुनं सेटिंग साफ केलं, पासवर्ड तळाच्या चिकटपट्टीवरचाच राहू दिला. वायर निळ्या भोकात. पत्त्यांची वेगळी मालिका दिली, आश्रमाच्या पत्त्यांशी टक्कर होणार नाही अशी. बजावलं, पत्ते वाटायचे ते या खोलीत बसलेल्यांना. भिंतीपलीकडून हाक आली तर ओ द्यायची नाही. शिवाय खालच्या मुख्य स्विचवर कुलूप घातलं. यापुढे मुख्य राउटरखेरीज दुसरं कोणी पत्ते वाटू लागलं की त्याचं तोंड तिथल्या तिथे बंद. हे कुलूप बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी घालायला हवं होतं.

सगळं झालं. फोनला पत्ता मिळाला. पण पान उघडेना! वायर बदलली, डबा बंद-चालू केला, मनातल्या मनात शिव्या घातल्या. काही नाही. एक आजोबा शेजारी येऊन बसले होते, म्हणाले, "आमच्या वेळी थोबाडीत मारली की रेडिओ लागायचा."

एक चापट मारूनही पाहिली. कंटाळून घरी आलो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दात घासताना सुचलं. परतीचा रस्ता! नवी मालिका मी डब्याला दिली, पण तिची खबर मुख्य राउटरला दिलीच नाही. इकडून प्रश्न नीट जात होते. उत्तरंही मिळत होती, फक्त ती कुठे पोचवायची हे तिकडे कोणाला माहीत नव्हतं. आणि मी इथे बसून म्हणत होतो, पलीकडचा बोलतच नाही.

शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात हेच ओरडून सांगतो मी. जायचा रस्ता सांगितला की यायचाही सांगा.

संध्याकाळी जाऊन एक ओळ वाढवली. लाल दिवा गेला, हिरवा लागला. झालं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कमिटीचं ठरलं. सोमवारी मावशींना काढल्याचं पत्र जाणार. बाईंनी फोनवर सांगितलं आणि वर म्हणाल्या, "नेट मात्र छान चालतंय हो."

मी लिहिलेल्या एका पत्रावरून हे सगळं सुरू झालं. दुसरं लिहिलंय — माझी तक्रार चुकीची होती, ती मागे घेतो, मावशींना ठेवा. बाई म्हणाल्या, फाइलला लावते. फाइलला लावणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

१ मार्च, शनिवार

मावशींकडे पुन्हा गेलो. तेच उत्तर. सासूबाई पुन्हा छान हसल्या. उठताना मावशी म्हणाल्या, "बाबांना चाकाच्या खुर्चीतून जरा खाली न्या. चार भिंतींत किती दिवस ठेवणार? आणि तुम्ही पण जरा बसा त्यांच्यापाशी."

डॉक्टरांनी परवानगी दिली आहेच. उद्या नेतो.

२ मार्च, रविवार

बाबांना भेटीच्या खोलीत आणलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. बाबा माझ्या खांद्यावरून मागे वाकून बघायला लागले.

"हिरवा झाला! घे, लिहून घे."

आणि मुद्रित वाचावं तसं, एकेक अक्षर सुटं करून — "कॅपिटल के. सात. स्मॉल टी. पुन्हा स्मॉल टी. चार. कॅपिटल डब्ल्यू..." बाराच्या बारा. डब्याच्या तळाचा पासवर्ड. एक चूक नाही.

"माझ्या ट्रंकेतला आहे. तुरुतुरुनं वायर लावून दिली. दिवा लालच राहायचा. तिला म्हटलं, हिरवा होईपर्यंत कोणाला बोलायचं नाही, मुलाला मी स्वतः सांगणार. इथे तुझा फोन लागत नाही ना, म्हणून तू सारखा फाटकाशी जातोस. मग तिकडूनच जातोस. आता बसशील."

बाईंना गाठायला हवं, आत्ताच, उद्याचं पत्र निघायच्या आत. मी खुर्चीतून उठलो.

बाबा म्हणाले, "निघालास?"

"नाही," म्हटलं, "तुम्ही पण चला." आणि त्यांच्या खुर्चीचा ब्रेक काढला.